बक्षीस कणसाला की मुलाला?

स्पर्धा आणि बक्षिसे यांवाचून आपल्या धर्मग्रामांतील एकही वर्ष सरत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गांपासून युवक मंडळांच्या क्रीडास्पर्धांपर्यंत कुठे ना कुठे टेबलावर चषक मांडलेले असतात आणि पुढच्या रांगांत बसलेली मुले आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहत असतात. या चषकांनी मुलांच्या मनावर नेमका कोणता संस्कार केला, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. तो मांडायचा झाल्यास, हाच प्रयोग शंभराहून अधिक वर्षे फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेल्या एका चळवळीचा इतिहास उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत जन्मलेली ही मुलामुलींची चळवळ ‘फोर-एच’ या नावाने ओळखली जाते. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी तिने मंडळे उभी केली, प्रदर्शने भरवली, बक्षिसे वाटली. त्या बक्षिसांतून तिने बरेच कमावले आणि काही गमावलेही. दोहोंचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

बापाला पटेना ते मुलाने केले

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत शेतीशास्त्राची मोठी प्रगती झाली होती. १८६२च्या मॉरिल कायद्यान्वये राज्यांना जमिनी देण्यात आल्या व त्यांच्या उत्पन्नातून कृषिमहाविद्यालये उभी राहिली. १८८७च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोगकेंद्रांची जोड मिळाली. बियाणे कसे निवडावे, मातीची परीक्षा कशी करावी, खत किती द्यावे, यांविषयीचे ज्ञान पुस्तिकांतून छापले जाऊ लागले. परंतु ते बांधापर्यंत पोहोचेना. पुस्तक वाचून कुठे शेती होते काय, असा शेतकऱ्याचा रोकडा सवाल असे. वाडवडिलांनी जसे पेरले तसे आपण पेरावे, ही त्याची वृत्ती आपल्याकडील शेतकऱ्यालाही अनोळखी वाटू नये. दुसरीकडे खेड्यातील शाळा मुलांना अक्षरे व अंक शिकवीत असे, पण ज्या मातीत ती मुले वाढत होती तिच्याविषयी एक शब्दही शिकवीत नसे. शिकलेले मूल शहराची वाट धरी.

अशा वेळी काही शिक्षकांना व कार्यकर्त्यांना एक साधी गोष्ट उमगली : जी गोष्ट बापाला व्याख्यानाने पटत नाही, ती मुलाच्या वाफ्यात उगवलेली पाहून पटते. इलिनॉय राज्यातील मकूपिन काउंटीत विल ऑटवेल हे गृहस्थ शेतकऱ्यांच्या सभा भरवीत. पण सभेला माणसे येत नसत. तेव्हा त्यांनी निवडक मक्याचे बियाणे मुलांना वाटले आणि उत्तम कणसांना बक्षिसे जाहीर केली. १९०० सालच्या या स्पर्धेस सुमारे ५०० मुलांनी प्रतिसाद दिला. मुले आपापली कणसे घेऊन सभेला आली आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे आईबापही आले. सभागृह ओसंडून गेले. पुढे १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात इलिनॉयच्या मुलांनी पिकवलेला मका मांडला गेला आणि लाखो लोकांनी तो पाहिला.

ओहायो राज्यातील क्लार्क काउंटीत अल्बर्ट ग्रॅहम या शाळाधीक्षकांनी मात्र निराळी वाट चोखाळली. १५ जानेवारी १९०२ रोजी स्प्रिंगफील्ड येथील न्यायालयाच्या तळघरात त्यांनी मुलामुलींची पहिली सभा भरवली. मंडळाच्या नावातच ‘प्रयोग’ हा शब्द होता. लिटमस कागदाने आपल्या शेतातील माती आम्लधर्मी आहे की नाही हे मुले तपासून पाहत. निवडक बियाण्याचा मका लावून घरच्या मक्याशी त्याची तुलना करीत. भाजीपाल्याचे व फुलांचे वाफे करीत. मुलींनाही मुलांच्या बरोबरीने प्रवेश होता. ओहायोच्या कृषिमहाविद्यालयाने व प्रयोगकेंद्राने या कामी ग्रॅहम यांना साहाय्य केले आणि १९०५ साली विद्यापीठाने त्यांना आपल्या विस्तारकार्याचे प्रमुख म्हणून बोलावून घेतले. फोर-एच चळवळ आपला जन्मदिवस त्या तळघरातील सभेपासून मोजते. तथापि त्याच सुमारास मिनेसोटा, आयोवा आदी राज्यांतही अशीच मंडळे स्वतंत्रपणे निघत होती, हे विसरता येत नाही.

आयोवातील पेज काउंटीत जेसी फील्ड ही तरुण शिक्षिका १९०६ साली शाळांची अधीक्षक झाली. मुलांसाठी मक्याची आणि मुलींसाठी गृहकृत्यांची मंडळे तिने शाळाशाळांतून काढली. क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीचे तीन दलांचे पान घेऊन तिने मुलांसाठी एक पदक तयार केले व त्याच्या प्रत्येक दलावर ‘एच’ हे अक्षर कोरले. मस्तक, हृदय आणि हात यांना इंग्रजीत जे शब्द आहेत, त्यांचे ते आद्याक्षर होय. पुढे पानाला चौथे दल आले. चौथ्या ‘एच’चा अर्थ प्रारंभी झटून काम करणे असा घेतला जाई; १९११च्या सुमारास त्याजागी आरोग्य हा अर्थ स्थिर झाला. चार एचचे म्हणून ते ‘फोर-एच’. आज जगभर ओळखले जाणारे हे हिरवे पान असे एका ग्रामशिक्षिकेच्या कल्पनेतून उमलले.

शंभर गुणांची वाटणी

दक्षिणेकडील राज्यांत या कामाला निकडीचे कारण होते. कपाशीच्या बोंडात शिरणाऱ्या भुंग्याने शेतकरी उद्ध्वस्त होत चालला होता. केंद्रीय कृषिखात्यातर्फे डॉ. सीमन नॅप यांनी १९०३ साली टेक्सासमध्ये शेतकऱ्याच्याच जमिनीवर प्रात्यक्षिक करून दाखवण्याची पद्धत सुरू केली. माणूस ऐकलेल्या गोष्टीवर शंका घेईल, पाहिलेल्या गोष्टीवरही कदाचित घेईल. स्वतः केलेल्या गोष्टीवर मात्र घेणार नाही, ही त्यांची श्रद्धा होती. १९०७ साली मिसिसिपीतील होम्स काउंटीचे शाळाधीक्षक डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी मुलांचे मक्याचे मंडळ काढले, तेव्हा नॅप यांनी त्यांना वर्षाला एक डॉलर अशा नाममात्र वेतनावर केंद्रीय खात्याच्या सेवेत घेतले. एकेक एकर जमीन मुलाच्या नावे तोडून द्यायची, नांगरणीपासून कापणीपर्यंतचे काम त्याने करायचे आणि हंगामाअखेर स्पर्धेला उतरायचे, अशी ही योजना होती.

या स्पर्धेचे गुण कसे दिले जात, हे मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. एकरी उत्पन्नाला शंभरांपैकी ३० गुण होते. तितकेच ३० गुण निव्वळ नफ्याला होते. म्हणजे मजुरी, खत, बैलजोडीचे भाडे, सारे वजा जाता काय उरले हे मुलाला दाखवावे लागे. १० निवडक कणसे मांडण्याला २० गुण आणि उरलेले २० गुण, आपण पीक कसे काढले याच्या लेखी वृत्तान्ताला होते. म्हणजे निम्मे गुण कणसाचे, तर निम्मे गुण पेरणाऱ्याच्या विचाराचे व हिशेबाचे. ज्याने नुसता पैसा ओतून भरघोस पीक काढले, तो नफ्यात मागे पडावा. आणि ज्याला काय केले ते सांगता येत नाही, त्याने खरे काही शिकले असे मानू नये, असा यामागील विवेक होता.

१९१० साली दक्षिण कॅरोलायनातील जेरी मूर या मुलाने एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक मका पिकवला. आपल्या मापात सांगायचे तर सुमारे ५८ क्विंटल. त्या काळी अमेरिकेची सरासरी एकरी सात क्विंटलांच्या आसपास होती! जाणत्या शेतकऱ्यांनी तोंडात बोटे घातली. राज्याराज्यांतील विजेत्यांना १९०९ पासून राजधानी वॉशिंग्टनला बोलावून कृषिमंत्र्यांच्या हस्ते प्रशस्तिपत्रे देण्यात येऊ लागली.

त्याच राज्यातील एकेन काउंटीत मरी क्रोमर या शिक्षिकेला प्रश्न पडला, की मुलांसाठी हे सारे असेल तर मुलींसाठी काय? १९१० साली तिने मुलींचे टोमॅटो मंडळ स्थापले. प्रत्येक मुलीला दहावा हिस्सा एकर जमीन. टोमॅटो पिकवायचे, उकळून डबाबंद करायचे, त्यांवर चिठ्ठी चिकटवून विकायचे आणि हिशेब लिहायचा. पहिल्याच हंगामात विजेतीने पाचशेहून अधिक डबे भरले आणि तिला महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. ज्या मुलीच्या हाती स्वतःचा म्हणून एक पैसाही कधी आला नव्हता, ती आता स्वतःच्या श्रमाचा नफा मोजू लागली. या चळवळीने वाटलेल्या असंख्य बक्षिसांत ही शिष्यवृत्ती आम्हांस विशेष मोलाची वाटते. कारण तिने मुलीपुढे नवे दार उघडले.

८ मे १९१४ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी स्मिथ-लीव्हर कायद्यावर सही केली आणि कृषिविस्तारसेवेला केंद्र, राज्य व काउंटी या तिन्हींचा आधार मिळाला. मुलांची मंडळे त्या सेवेचा भाग झाली. मंडळाचे स्वरूपही ठरून गेले : मुलांनीच निवडलेले अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार, नियमाने चालणारी सभा, मार्गदर्शनासाठी गावातील एखादी बाई वा गृहस्थ, विनावेतन, प्रत्येक मुलाचा एक स्वतंत्र उपक्रम, मग ते कोंबड्या पाळणे असो, शिवणकाम असो की पाव भाजणे असो, आणि त्या उपक्रमाची नोंदवही. १९२७ साली वॉशिंग्टनमध्ये पहिले राष्ट्रीय शिबिर भरले व तेथे चळवळीची प्रतिज्ञा स्वीकारण्यात आली. कॅन्ससचे ओटिस हॉल यांनी तयार केलेल्या या प्रतिज्ञेत आपले मस्तक स्वच्छ विचाराला, हृदय निष्ठेला, हात सेवेला आणि आरोग्य चांगल्या जीवनाला वाहण्याचे वचन मुले देतात.

चषकांची चमक

मंडळे वाढली तशी बक्षिसेही मोठी झाली. शिकागो हे मांसव्यापाराचे मोठे केंद्र. तेथील आंतरराष्ट्रीय पशुप्रदर्शनाच्या वेळी १९२०च्या दशकात फोर-एचचा राष्ट्रीय मेळावा भरू लागला. १९२१ साली गाय नोबल यांच्या पुढाकाराने एक राष्ट्रीय समिती स्थापन झाली व तिने रेल्वे, मांसव्यवसाय, यंत्रसामग्री यांतील कंपन्यांकडून पदके, शिष्यवृत्त्या व प्रवासखर्च मिळवला. ज्याने आपल्या काउंटीबाहेर पाऊल टाकले नव्हते, असा मुलगा आगगाडीने शिकागोला जाई, दिव्यांनी झगमगलेले शहर पाही आणि मेजवानीला बसे. त्या आनंदाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु देणाऱ्याचेही काही हेतू असतात. बँका मुलांना वासरू वा डुक्कर घेण्यास कर्ज देत, कारण आजचे मूल हा उद्याचा खातेदार होता. यंत्रे विकणाऱ्या कंपनीला उद्याचे गिऱ्हाईक हवे होते.

यांत सर्वाधिक गाजली ती जनावरांची स्पर्धा. मूल एक गोऱ्हा विकत घेते, वर्षभर त्याला खाऊपिऊ घालते, धुते, विंचरते, दोरीने चालायला शिकवते. बहुतेकदा त्याला नावही ठेवते. प्रदर्शनात परीक्षक त्याच्या पाठीवरून हात फिरवून निकाल देतात आणि मग लिलाव होतो. गावातील व्यापारी बाजारभावाहून चढी बोली लावतात, पैसे मुलाच्या शिक्षणासाठी ठेवले जातात आणि गोऱ्हा खाटकाकडे जातो. त्या दिवशी गोठ्यापाशी रडणारी मुले हे तेथील प्रदर्शनांतील नेहमीचे दृश्य आहे. शेतकऱ्याच्या जीवनातील हे कठोर सत्य मूल हाताने शिकते, पुस्तकाने नव्हे.

पण बोली जसजशी चढू लागली, तसतसा मोहही वाढला. १९९४ साली ओहायोच्या राज्यप्रदर्शनात अव्वल ठरलेल्या अनेक जनावरांच्या बाबतीत लबाडी झाल्याचे उघडकीस आले. काहींना स्नायू फुगवणारे निषिद्ध औषध दिलेले होते, तर काहींच्या कातडीखाली टोचून शरीर भरलेले दाखवले होते. ज्या राज्यात ग्रॅहम यांनी मुलांच्या हाती लिटमस कागद दिला, त्याच राज्यात हे घडावे, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. असली करामत बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यातून निघत नसते. मूल पुढे उभे असते. जिंकायचे असते ते मोठ्यांना. या प्रकारानंतर नियम कडक झाले, आणि जनावर मांडणाऱ्या मुलांना पशुपालनातील प्रामाणिकपणाचे व औषधांच्या योग्य वापराचे प्रशिक्षण देण्यात येऊ लागले.

चळवळीपाशी या रोगावरील एक औषध पूर्वीपासून होते. मुलांच्या पुष्कळशा वस्तूंची परीक्षा फोर-एचमध्ये ‘डॅनिश पद्धती’ने होते. या पद्धतीत पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक नसतात. शिवलेला झगा, भाजलेला पाव वा पिकवलेला कांदा ठरावीक कसोटीवर पारखतात आणि त्यानुसार निळी, तांबडी वा पांढरी फीत देतात. कसोटीला उतरलेल्या दहाही मुलींना निळी फीत मिळू शकते. शेजारणीचा पाव बिघडला म्हणून आपला पाव चांगला ठरत नाही. चांगला परीक्षक फीत देऊन थांबत नाही. पीठ किती वेळ मळले, भट्टी किती तापवली, असे तो मुलाला विचारतो आणि पुढच्या वेळी काय करावे ते सांगतो.

दाराबाहेरची मुले

या इतिहासातील याहूनही मोठे दुखणे आम्हांस सांगितले पाहिजे. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे १९८१ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आपल्या घराघरांतून वाचले गेले आहे. त्यातील टस्कगीची संस्था आणि गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या दारी ज्ञान नेणारी गाडी अनेकांना आठवत असेल. डॉ. कार्व्हर यांच्या आराखड्यानुसार १९०६ साली बनलेल्या ‘जेसप वॅगन’च्या कार्यासाठी टस्कगीचेच विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल यांना केंद्रीय कृषिखात्याने त्याच वर्षी नेमले. कृष्णवर्णीय मुलांचीही मंडळे दक्षिणेत निघाली व हजारो मुले त्यांत सामील झाली. पण सारे वेगळे होते : मंडळे वेगळी, प्रदर्शने वेगळी, कार्यकर्ते वेगळे आणि त्यांचे पगार कमी. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय शिबिराचे व शिकागोच्या मेळाव्याचे दार दक्षिणेतील या मुलांना बंद होते. मका कितीही उंच वाढो, तो पिकवणाऱ्याचा रंग आधी पाहिला जाई. दुसऱ्या महायुद्धात जॉर्जियातील फोर-एचच्या मुलांनी युद्धरोखे खपवले, तेव्हा त्यांच्या गौरवार्थ नावे दिलेली जहाजेही दोन होती : श्वेतवर्णीय मुलांचे ‘होक स्मिथ’ आणि कृष्णवर्णीय मुलांचे ‘रॉबर्ट अॅबट’. १९४८ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी लुइझियानात बॅटन रूज येथे निराळे प्रादेशिक शिबिर भरले, तेही राष्ट्रीय शिबिरात जागा नव्हती म्हणूनच.

१९६४च्या नागरी हक्क कायद्याने ही विभागणी बेकायदा ठरली आणि पुढच्या वर्षी उत्तर कॅरोलायनाने आपल्या विस्तारसेवेच्या दोन शाखा एकत्र केल्या. तरी कागदावर पुसलेली रेघ गावात पुसली गेली नाही. बेझमोर विरुद्ध फ्रायडे हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८६च्या निकालात कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या पगारातील जुना अन्याय पुढे चालू ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. एकाच वर्णाची उरलेली मंडळे मात्र, प्रवेश सर्वांना खुला असल्यामुळे व सभासदत्व ऐच्छिक असल्यामुळे, पाच विरुद्ध चार मतांनी बेकायदा ठरली नाहीत. कायदा दार उघडू शकतो. हात धरून आत नेण्याचे काम माणसालाच करावे लागते. हृदयाचे प्रतीक छातीवर मिरवणाऱ्या चळवळीला हे समजण्यास फार उशीर झाला, असेच म्हणावे लागेल.

आपल्याकडे आलेले बीज

युद्धानंतर चार दलांचे पान दूरदूर रुजले. दक्षिण कोरियात १९४७ साली व तैवानमध्ये १९५२ साली ही मंडळे सुरू झाली. १९४८ साली फोर-एचने तरुण शेतकऱ्यांची आंतरराष्ट्रीय देवघेव सुरू केली आणि १९५०च्या दशकात भारतही तीत सामील झाला. तिकडचे तरुण येथील खेड्यांत आणि इकडचे तरुण तेथील शेतकरी कुटुंबांत राहून आले. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली. तिच्यातील ग्रामसेवक, प्रात्यक्षिके व युवक मंडळे यांमागे विस्तारसेवेचा हाच विचार होता. पंतनगर येथे १९६० साली, राहुरीला १९६८ साली व दापोलीला १९७२ साली स्थापन झालेली कृषिविद्यापीठे अमेरिकेतील त्याच जमीन-अनुदानित महाविद्यालयांच्या धर्तीवर उभी राहिली. चळवळीचे नाव आपल्याकडे फारसे रुजले नाही. पण तिचे आतले सूत्र आपल्या मातीला परके नाही. वसईच्या वाडीत केळीचा लोंगर उतरवताना वा पानवेलीला आधार बांधताना बापाच्या शेजारी उभे राहून जे शिकले, ते शाळेत न शिकवलेले शास्त्रच होते.

आज अमेरिकेत सुमारे साठ लाख मुले या चळवळीशी निगडित आहेत, असे ती संघटना सांगते. त्यांतील पुष्कळजण शहरांत राहतात आणि गोऱ्ह्याऐवजी संगणकावर वा यंत्रमानवावर काम करतात. तरी तिचे जुने साधन टिकून आहे, ते म्हणजे नोंदवही. मी काय ठरवले, काय केले, किती खर्च झाला, कुठे चुकले, पुढच्या वर्षी काय बदलेन, हे मूल स्वतःच्या हाताने लिहिते. चषक एकाला मिळतो, वही प्रत्येकाकडे असते. चषकासाठी लबाडी करता येते. स्वतःच्या वहीत लबाडी केली तर फसणारे आपणच असतो.

म्हणून वाचकहो, आपल्या युवक मंडळांनी बक्षिसे बंद करावीत असे आम्ही सुचवीत नाही. नाव पुकारले गेल्यावर मुलाच्या डोळ्यांत उमटणारा उजेड आम्हांलाही प्रिय आहे. फक्त ३०, ३०, २० आणि २० ही ती जुनी गुणांची वाटणी कधीतरी आयोजकांनी समोर ठेवावी. किती पिकले यासोबत कसे पिकवले हे विचारावे, आणि निम्मे गुण त्या उत्तराला द्यावेत. तसेच निकाल वाचण्यापूर्वी एकदा सभागृहाच्या दाराकडे पाहावे. स्पर्धेत उतरायला ज्याला कोणी बोलावलेच नाही, असे आपल्या गावातील एखादे मूल तेथे उभे असेल, तर पहिल्या क्रमांकाइतकीच त्याचीही नोंद आपल्या वहीत झाली पाहिजे.